पित्याची कबुली, पुत्राचे अक्षर

डाउन लक्षणसमूह घेऊन आलेले मूल वाढविणाऱ्या घराविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा एका ठरीव वाटेने जाते. आरंभी आघात, मग सेवा, आणि अखेरीस या मुलानेच आम्हांस शहाणे केले अशी कृतज्ञता. ही वाट खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु तीत मूल हे आईबापांच्या उन्नतीचे साधन होऊन बसते, आणि ते स्वतः कोण आहे हे सांगावयाचे राहूनच जाते. ब्राझीलचे कादंबरीकार क्रिस्तोवाँव तेझा यांची 'ओ फिल्यू इतेर्नू', म्हणजे 'शाश्वत पुत्र', ही २००७ सालची कादंबरी या वाटेस जात नाही. तिला २००८ साली त्या देशातील 'जाबुती' पारितोषिक मिळाले. आम्ही ती ॲलिसन एन्ट्रेकिन यांच्या इंग्रजी भाषांतरातून वाचली. मूळ पोर्तुगीज वाचण्याचे भाग्य गोमंतकातील जुन्या पिढीच्या वाट्याचे.

तेझा यांना १९८० साली झालेल्या पुत्राची ही कथा आहे. असे असूनही लेखक स्वतःस 'मी' म्हणत नाही. बाप हा सर्वत्र 'तो' आहे, आणि त्याला नाव नाही. नाव आहे ते मुलाला, फेलिपे. ही योजना प्रथम कृत्रिम वाटते. पुढे ध्यानात येते, की या बापाच्या मनात जे येऊन जाते ते प्रथमपुरुषी निवेदनात एकतर गळून पडले असते किंवा अश्रूंनी धुऊन निघाले असते. अठ्ठावीस वर्षांचा, पत्नीच्या मिळकतीवर जगणारा, एकही पुस्तक धड न खपलेला हा तरुण मुलाचे निदान ऐकतो. अशी मुले फार जगत नाहीत हे त्याला आठवते आणि त्या आठवणीने त्याला चक्क हायसे वाटते! आनुवंशशास्त्रावरील एका प्रबंधाची भाषा त्याने थोड्याच दिवसांपूर्वी तपासून दिलेली असते. त्यातील लक्षणांची यादी आता पाळण्यात त्याच्यापुढे पडलेली असते. १९५९ साली झेरोम लेजून यांनी एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत दाखवून दिली, त्याला तोवर वीस वर्षे उलटली होती. कारण ठाऊक होते. बापाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

मुलाचा स्वीकार कोणत्या दिवशी झाला हे कादंबरी सांगत नाही, आणि आमच्या मते हाच तिचा मोठा गुण होय. हृदयपरिवर्तनाचा प्रवेश येथे नाही. व्यायामाचे कठोर वेळापत्रक येते. त्यात बाप मुलाला घडवीत असतो की स्वतःची लाज झिजवीत असतो, हे सांगणे कठीण आहे. शाळा मुलाला पुढे ठेवून घेण्यास असमर्थता दर्शविते. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ते पान वाचणे सुखाचे नाही. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला, तरी सौजन्याने दार लावून घेण्याची ती भाषा आमच्या व्यवसायबंधूंस अनोळखी वाटणार नाही. एके दिवशी मूल हरवते, आणि त्याच्यावाचून आपले जगणे उरत नाही हे बापाला शोधता शोधता कळते. तेही लेखक दोन वाक्यांत उरकतो. अखेरीस फुटबॉल येतो. काळाची कल्पना नसलेल्या फेलिपेला पुढचा सामना म्हणजे उद्या, आणि उद्याचा निकाल कोणासही ठाऊक नसतो, हे त्या खेळाने समजते. सामना सुरू होण्यापूर्वीच कादंबरी थांबते.

जयवंत दळवी यांच्या 'नातीगोती' नाटकाची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथील मुलाची अवस्था वैद्यकीय दृष्ट्या वेगळी असली, तरी आईबापांची कोंडी तीच आहे, आणि तिचे चित्रण करताना दळवींनीही हात आखडता घेतलेला नाही. मात्र दळवींच्या रंगभूमीवर आई आहे. तेझा यांच्या कादंबरीत ती जवळजवळ नाहीच. संसार तिच्या मिळकतीवर चालतो, अपत्य तिचे, आणि तरी ती दारापलीकडून आलेल्या आवाजासारखी येते व जाते. आत्मपरीक्षणाच्या भरात बाप आरशासमोरून हललाच नाही, असा आक्षेप आम्हांस घ्यावा लागतो. लेखकाच्या प्रामाणिकपणाचे ज्यांनी कौतुक केले त्यांनी हेही पाहावयास हवे होते.

या आक्षेपास एक लहानसे जुने पुस्तक उत्तर देते. इंग्लंडमध्ये १९६७ साली नायजेल हंट या तरुणाचे 'द वर्ल्ड ऑफ नायजेल हंट' प्रसिद्ध झाले. त्याला स्वतःलाच डाउन लक्षणसमूह होता. उपशीर्षकात त्या काळचा 'मंगोल' वंशाशी जोडलेला शब्द आहे. मंगोलियाच्या प्रतिनिधींनी तो टाकून देण्याची विनंती जागतिक आरोग्य संघटनेला १९६५ सालीच केली होती. प्रस्तावना या विषयातील थोर अभ्यासक लायनेल पेनरोज यांची. नायजेलने मजकूर स्वतः टंकयंत्रावर उतरविला. वाङ्मयीन गुण शोधू गेल्यास फारसे हाती लागत नाही. वाक्ये मध्येच वळतात, प्रसंग एकमेकांत शिरतात. पण त्याला काय आवडते, कोणाचा राग येतो, कशाचे हसू येते, हे सांगावयास त्याला बापाची गरज पडत नाही. हा मुलगा शिकण्यापलीकडचा आहे, असे तज्ज्ञांनी त्याच्या आईबापांस सांगितले होते. त्याला वाचावयास शिकविले ते आईने, अक्षरांच्या उच्चारांवरून, घरी.