आई कडक, बाबा मऊ : हा फरक नेमका मोजायचा कसा?

पेटची मुलाखत झाली, गाईड मिळाले आणि आता सिनॉप्सिस लिहायचा आहे, अशा टप्प्यावर मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा गृहविज्ञानातल्या बऱ्याच जणांच्या वहीत एक विषय हमखास असतो : 'पालकत्वाच्या शैली आणि अमुकतमुक'. शोधगंगावर शोधून बघा, ढीग सापडेल. त्या ढिगातला एकच प्रश्न आज घेऊ. आईची पद्धत एक आणि वडिलांची दुसरी असेल तर मुलावर काय परिणाम होतो?

पालकसभेत याचं उत्तर ठरलेलं असतं : "दोघांनी एकमत ठेवा." संशोधनही हेच सांगतं असं आपण गृहीत धरतो. मला ते पटत नाही. संशोधन काय सांगतं यापेक्षा ते कसं मोजतं याची मला जास्त काळजी आहे, कारण मी सांख्यिकीकडून या विषयात आलो आहे.

थोडी पार्श्वभूमी. डायना बॉमरिंड यांनी 1966 आणि 1967 च्या लेखांत पालकांचे तीन प्रकार मांडले. ऑथॉरिटेटिव्ह म्हणजे शिस्त लावणारे पण मुलाचं ऐकणारे, ऑथॉरिटेरियन म्हणजे "मी सांगतो म्हणून" वाले, आणि पर्मिसिव्ह म्हणजे सैल सोडणारे. (पहिल्या दोन शब्दांत गोंधळ होतोच. मराठीत लिहिताना दोन्हींना 'अधिकारवादी' म्हणून मोकळे होऊ नका, व्हायव्हात अडकाल.) 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी हे दोन अक्षांवर बसवलं : मुलाकडून अपेक्षा किती आणि मुलाला प्रतिसाद किती. त्यातून चार चौकटी झाल्या आणि चौथीत दुर्लक्ष करणारे पालक आले.

चौकटी सोयीच्या आहेत, पण त्यांत 'एका घराची एक शैली' हे गृहीतक गुपचूप शिरतं. समजा प्रतिसादाची मोजपट्टी 1 ते 5 आहे. एका घरात आईला 5 आणि वडिलांना 1 गुण आहेत. दुसऱ्या घरात दोघांनाही 3. सरासरी काढली की दोन्ही घरं सारखी! म्हणजे जो फरक अभ्यासायचा होता तोच आपण पहिल्या पायरीवर पुसून टाकला.

आणखी एक गंमत बघा. 1991 चा लॅम्बॉर्न, स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांचा किशोरवयीन मुलांवरचा लेख फार उद्धृत होतो. त्यात चौकटी पाडताना दोन्ही अक्षांवर वरचा आणि खालचा तृतीयांश घेतला आणि मधले सोडून दिले. दोन अक्ष एकमेकांपासून स्वतंत्र असते तर या पद्धतीत 9 पैकी 5 घरं गळतात. कागदावर करून बघा. तुमचं-माझं घर बहुधा त्या पाचांत असेल.

मतभेदाचा प्रश्न थेट विचारणारा लेख म्हणजे फ्लेचर, स्टाइनबर्ग आणि सेलर्स यांचा, 1999 चा. त्यांनी विचारलं : दोघांचं जुळणं महत्त्वाचं, की निदान एक पालक ऑथॉरिटेटिव्ह असणं? उत्तर ऐकण्यासारखं आहे. एक पालक तसा असलेली मुलं, दोघंही एकाच पण वेगळ्या शैलीचे असलेल्या मुलांपेक्षा अभ्यासात बरी होती. मात्र अशा न जुळणाऱ्या घरांत मनातली घालमेल जास्त दिसली. पुढे 2007 मध्ये सायमन्स आणि काँगर यांनी आई-वडिलांच्या जोड्या वेगवेगळ्या तपासल्या. दोघंही ऑथॉरिटेटिव्ह असणं सगळ्यात चांगलं, पण एक जरी असला तरी बहुतेक बाबतींत मुलाला आधार मिळतो, असा त्यांचा निष्कर्ष.

आता "एकमत ठेवा" हा सल्ला परत वाचा. वडील फटके मारणारे आहेत आणि आई मुलाला जवळ घेते. या घरात एकमत कुठल्या दिशेने व्हायचं? व्यवहारात बहुतेक वेळा आईलाच सांगितलं जातं, "तू लाडावू नकोस." म्हणजे मुलाला असलेला एकुलता एक आधारही आपण शास्त्राच्या नावाने काढून घेतो. वरचे दोन्ही लेख या सल्ल्याच्या बाजूने उभे राहत नाहीत.

पण या लेखांवरही डोळे मिटून विश्वास नको. फ्लेचर यांच्या लेखात दोन्ही पालकांचं वर्णन एकच मूल करतं. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी बुरी यांची 1991 ची 30 विधानांची प्रश्नावलीही तशीच : आईसाठी एक, वडिलांसाठी एक, दोन्ही भरणार मूलच. खिन्न मूल दोघांनाही कमी गुण देईल आणि स्वतःची घालमेलही जास्त नोंदवेल. मग नातं घरातलं की मुलाच्या मूडमधलं? शिवाय रिचर्ड बेल यांनी 1968 मध्येच बजावलं होतं की परिणाम मुलाकडून पालकाकडेही जातो. हट्टी मुलामुळेच आई-बाबांचं बिनसलेलं असू शकतं.

सगळ्यात मोठा खड्डा मात्र वजाबाकीचा. आईचे गुण वजा वडिलांचे गुण, झाला 'मतभेद'! समजा दोन्ही मापांची विश्वसनीयता 0.80 आहे, म्हणजे उत्तम, आणि दोघांच्या गुणांत 0.60 सहसंबंध आहे. विचरण सारखं धरलं तर फरकाची विश्वसनीयता किती? 0.80 वजा 0.60, भागिले 1 वजा 0.60. म्हणजे 0.50. दोन चांगल्या मापांतून एक पडकं माप तयार झालं, आणि आई-वडील जितके सारखे तितकं ते आणखी पडकं. म्हणून वजाबाकी करू नका. दोघांचे गुण स्वतंत्र चल म्हणून प्रतिगमनात घाला, त्यांचा गुणाकार घाला, वर्ग घाला. एडवर्ड्स आणि पॅरी यांचा 1993 चा लेख यासाठी वाचा. तो व्यवस्थापनशास्त्रातला आहे, म्हणून आपल्याकडे कुणी उघडत नाही.

आणि मुळात फरक कशातला? जेवताना मोबाइल नाही असं आई म्हणते आणि बाबा समोरच व्हिडिओ लावून देतात, हे एक घर. दुसऱ्या घरातले बाबा तितकेच सैल, पण मुलासमोर आईचा शब्द खाली पडू देत नाहीत. प्रश्नावलीत दोन्ही घरांचा फरक सारखाच येईल. मार्क फाइनबर्ग यांनी 2003 मध्ये सह-पालकत्वाची मांडणी करताना संगोपनाबद्दल सहमती आणि एकमेकांना पाठिंबा देणं किंवा पाय ओढणं, हे वेगळे घटक ठेवले ते यासाठीच. त्या लेखाचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे, आणि आपल्या सिनॉप्सिसमध्ये तोच सगळ्यात कमी दिसतो.

उरली आजी. एकत्र कुटुंबात नातवाला "खा रे, आईला नको सांगू" म्हणणारी व्यक्ती कुठल्या रकान्यात जाते? प्रश्नावलीत रकाने दोनच आहेत. साधन बदलायला गाईड तयार नसतील तर निदान वैयक्तिक माहितीच्या पानावर दोन ओळी वाढवा : शाळेतून आल्यावर मूल कुणाजवळ असतं, आणि घरात "नाही" म्हटलेलं "हो" कोण करतं.