ग्राहक की धनको? : ठाणे-कल्याण परिसरातील घरबांधणीचे भांडवल

ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी झालेल्या घरबांधणीचा विचार करताना बांधणारा विकासक आणि विकत घेणारा ग्राहक अशी जोडी गृहीत धरण्याची प्रथा आहे. ही मांडणी अपुरी होय. इमारत उभी राहण्यापूर्वीच जो हप्ते भरू लागतो, तो वस्तू विकत घेत नसतो. वस्तू अद्याप अस्तित्वातच नसते. तो नफ्यासाठी चाललेल्या धंद्याला खेळते भांडवल पुरवीत असतो, आणि तेही बहुधा बिनव्याजी. ‘बुकिंग’ हा शब्द नाटकाच्या तिकिटाइतका निरुपद्रवी वाटतो, म्हणूनच तो रूढ झाला असावा.

१९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियमाला ही गोष्ट अज्ञात नव्हती. आगाऊ रकमा वेगळ्या खात्यात ठेवाव्या, मुदतीत ताबा न दिल्यास त्या ९ टक्के व्याजाने परत कराव्या आणि या येण्याचा बोजा जमीन व बांधकाम यांवर राहावा, अशी तजवीज त्यात होती. परंतु त्याच कलमाला एक शेपूट आहे: हा बोजा अगोदरच्या बोजांच्या मागे. विकासकाने जमीन आधीच गहाण टाकली असेल तर गहाणदार बँक पुढे, सदनिकाधारक मागे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याची सक्ती केली. २०१८ मध्ये दिवाळखोरी संहितेने घर घेणाऱ्यास ‘वित्तीय धनको’ मानले. पंचावन्न वर्षांनी त्याला नाव मिळाले. तारण मात्र मिळाले नाही.

या भांडवलाचा माग काढताना सहकाराकडे यावे लागते. १९७० च्या दशकाच्या आरंभी या परिसरात नागरी सहकारी बँका उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः नोकरदारांच्या ठेवींवर. अशा बँकेने विकासकाला थेट कर्ज दिले, तर जोखीम सर्व ठेवीदारांवर पडते. पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेची ७० टक्क्यांहून अधिक कर्जे एकाच गृहबांधणी समूहाकडे गुंतल्याचे २०१९ मध्ये उघड झाले, आणि ठेवीदारांना आरंभी सहा महिन्यांत १००० रुपयेच काढण्याची मुभा राहिली. हा धोका सर्वांना दिसतो. तीच ठेव सभासदाच्या गृहकर्जातून विकासकाकडे गेली, की तिला सुरक्षित कर्ज म्हणतात. पैसा त्याच हाती पोचतो. जोखीम तेवढी एका कुटुंबावर एकवटते.

कल्याण-डोंबिवलीत खोट्या बांधकाम-परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला, तेव्हा हे स्पष्ट झाले. मूळ परवानगीच बनावट असता स्वतंत्र खात्याची शिस्त काय कामाची? इमारत पाडली तरी कर्जाचा करार पडत नाही. तारण नाहीसे होते, हप्ता राहतो.

आगाऊ हप्ते बंद केले तर लहान विकासक चढ्या व्याजाने पैसा उचलील व घरे महागतील, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून एवढेच सिद्ध होते, की आजच्या स्वस्ताईची किंमत ग्राहक जोखमीच्या रूपाने मोजतो. ही जोखीम वाटून घ्यावयाची तर परवानगीची महानगरपालिकेकडून खातरजमा करण्याचे काम हप्ता सोडणाऱ्या बँकेकडे द्यावे लागेल. आणि ते न करता सोडलेला हप्ता, परवानगी खोटी ठरल्यास, कर्जदाराकडून वसूल करता येऊ नये.