वाट आणि वहिवाट : भटकंतीच्या मराठी गद्याचे एक वाचन

डोंगरवाटांविषयीचे मराठी गद्य विपुल आहे, पण त्याची समीक्षा अत्यल्प आहे. हे गद्य एकदा 'प्रवासवर्णन' या कप्प्यात ठेवले की निसर्गचित्रणाची चित्रमयता, इतिहासाची ओढ, भाषेचा प्रसन्नपणा अशा दोन-चार गुणांची नोंद करून समीक्षक मोकळा होतो. निवेदक ज्या वाटेने चालतो ती वाट कोणाच्या पायांनी पडली आणि तिच्यावर चालण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वस्तुतः या प्रश्नासाठी लागणारी संज्ञा मराठीच्या व्यवहारात पूर्वीपासून आहे. ती म्हणजे 'वहिवाट'.

वहिवाट ही वापरातून निर्माण होणारी हक्काची कल्पना आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली अडवलेला रस्ता मोकळा करून मागता येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम 1966 च्या कलम 143 खाली शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या हद्दीवरून वाट मागता येते. सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' या रकान्यात अशा वाटांची नोंद होऊ शकते. तहसील कचेरीतील ही रूक्ष संज्ञा वाङ्मयविचारात आणण्याचे कारण एवढेच की वाट ही निसर्गदत्त वस्तू नसून असंख्य पायांनी केलेला आणि प्रसंगी भांडून राखलेला व्यवहार आहे, याचे भान 'पायवाट' या काव्यमय शब्दापेक्षा तिच्यात अधिक आहे.

तुलनेसाठी फ्रान्समधील एक उदाहरण उद्बोधक ठरेल. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1878 च्या शरद ऋतूत सेव्हेन या डोंगराळ प्रदेशातून मोदेस्तीन नावाच्या गाढवीसह बारा दिवस पायी हिंडला. त्याचे वर्णन करणारे पुस्तक 1879 मध्ये निघाले. आज त्याच मार्गाला 'जी. आर. 70' असा क्रमांक आहे आणि दगडांवर व झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा आहेत. म्हणजे येथे संहिता आधी आणि आखलेली वाट नंतर. मात्र त्या संहितेतील एक प्रसंग या खुणांनी निरर्थक केला आहे. अंधार पडत असताना स्टीव्हन्सन वाट चुकतो आणि एक शेतकरी उंबऱ्याबाहेर येऊन वाट दाखवायला नकार देतो. वाट सांगणे वा न सांगणे ही त्या शेतकऱ्याच्या हातची सत्ता होती. पुस्तकात ती शिल्लक आहे. रंगवलेल्या पट्ट्यांना तिची गरज उरलेली नाही. मिशेल द सर्तो याने 1980 च्या आपल्या ग्रंथात नकाशा आणि मार्गकथन यांत जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो. त्याच्या मते आधुनिक नकाशा ज्यांच्या चालण्यातून घडला त्या चालण्याच्याच खुणा हळूहळू पुसत जातो.

मराठीत मार्गकथनाची परंपरा मात्र फार जुनी आहे आणि तिचा मोठा भाग वऱ्हाडाशी निगडित आहे. 'लीळाचरित्रा'तील चक्रधर सतत चालणारे आहेत. सालबर्डीच्या डोंगरातील एकांतापासून ऋद्धिपूर, लोणार आणि पुढे गोदातीरापर्यंत त्यांची लीळा गावागणिक उलगडते. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली 'स्थानपोथी' ही या चालण्याची उत्तरकालीन भूगोलवही होय. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचे दार कोणीकडे, स्वामींचे आसन कोठे, आरोगण कोठे, पहुड कोठे, इतकेच काय परिश्रय कोठे, याची नोंद ती निर्विकारपणे करते. तिच्यात सृष्टिवर्णन जवळजवळ नाही. आधुनिक वाचकाला ती कोरडी वाटते आणि अभ्यासक तिच्याकडे ऐतिहासिक भूगोलाचे साधन म्हणून वळतात. ते उपयुक्त आहेच, परंतु तिच्या रचनेकडे त्यामुळे दुर्लक्ष झाले. 'स्थानपोथी'चे वाक्य वाचणाऱ्याला एका जागी उभे करून वळवते : गावाच्या पूर्वेला जा, देवळापुढे थांब, डावीकडे पाहा. हे वर्णन पायांसाठी लिहिलेले आहे. वाचक आणि चालणारा येथे वेगळे कल्पिलेलेच नाहीत.

या परंपरेत एक अंतर्विरोधही आहे. महानुभाव आचारधर्मात अटन आणि विजन यांना मोठे स्थान आहे. साधकाने हिंडावे, निर्जन ठिकाणी राहावे, परंतु जागेचा लोभ धरू नये. 'स्थानपोथी' तर जागांचीच पोथी आहे! शिवाय सूत्रपाठात ज्या ठिकाणी जाऊ नये असे सांगितले आहे त्यांत मातापूर, म्हणजे माहूर, येते. प्रत्यक्षात दत्तात्रेयांच्या संबंधामुळे माहूरचे देवदेवेश्वर हे पंथाचे मोठे तीर्थ झाले. निषेधाची वाटही पायांनी मळते, हे वहिवाटीचे लक्षणच म्हणावे लागेल.

विसाव्या शतकातील भटकंतीचे गद्य या परंपरेशी नाते सांगत नाही. त्याचे केंद्र सह्याद्री आणि सह्याद्रीचे केंद्र गड. गो. नी. दांडेकर यांचा जन्म 1916 मध्ये परतवाड्याचा, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचा. परंतु त्यांची भटकंतीची प्रतिभा फुलली ती नर्मदेच्या परिक्रमेत आणि मावळातील गडांवर. 'दुर्गभ्रमणगाथे'त गडाखालच्या माणसांविषयीचा जिव्हाळा ठायी ठायी आहे. तरीही लेखनाची घडण गडाकडे चढणारी आहे. वाट हे तेथे पोहोचण्याचे साधन, वाटाड्या हा त्या साधनाचा भाग. 'माचीवरला बुधा' या कादंबरीत मात्र दांडेकर वेगळे वागतात. तेथे राजमाचीच्या परिसरातील झाडे, पाणवठे आणि वाटा राहणाऱ्याच्या आहेत, येणाऱ्याच्या नाहीत. एकाच लेखकाला कादंबरीत जे दिसते ते गाथेत दुय्यम का होते, याचे उत्तर वाङ्मयप्रकाराच्या सवयीत शोधावे लागते. प्र. के. घाणेकर यांचे 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची' आणि आनंद पाळंदे यांचे 'डोंगरयात्रा' ही पुस्तके मार्गदर्शनपर असल्यामुळे समीक्षेच्या परिघाबाहेर राहिली. दिशा आणि खुणा सांगण्याच्या त्यांच्या गद्यात 'स्थानपोथी'च्या वाक्याची धाटणी नकळत परत आलेली दिसते, ही गोष्ट कोणी तपासलेली नाही.

इरावती कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख या संदर्भात महत्त्वाचा ठरतो तो एका अस्वस्थतेमुळे. पंढरीच्या वाटेवर सर्व एकत्र चालतात, पण दिंड्या जातवार वेगळ्या राहतात, हे त्यांच्या नजरेतून सुटत नाही. वाट एक, वहिवाटी अनेक.

आता लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'कडे (1980) वळावे. या आत्मकथनाला कोणी प्रवासवर्णन म्हणणार नाही, आणि तेच लक्षणीय आहे. त्यातील कैकाडी कुटुंब आयुष्यभर चालते आहे, गाढवे त्याच्याही सोबत आहेत. स्टीव्हन्सनच्या गाढवीच्या पाठीवर हौसेने शिवून घेतलेली झोपण्याची पिशवी आहे. येथे गाढवाच्या पाठीवर अख्खा संसार आहे. स्टीव्हन्सनलाही वाटेत फेरीवाला समजले जाते आणि त्याची त्याला गंमत वाटते. ज्या समूहांना 1871 पासूनच्या आणि पुढे 1911 व 1924 मध्ये विस्तारलेल्या कायद्यांनी 'गुन्हेगार' ठरवले, त्यांच्यासाठी चालणे हाच संशयाचा पुरावा होता. हा कायदा 1952 मध्ये गेला; संशय गेला नाही. चालण्याचा आनंद हा ज्याला थांबायला घर आहे त्याचाच विषय राहतो की काय, हा प्रश्न 'उपरा' वाचल्यानंतर सर्व भटकंतीच्या गद्याला विचारावा लागतो. 'भटका' आणि 'भटकंती' हे शब्द एकाच धातूचे असूनही आपल्या वाङ्मयात त्यांची गाठ पडत नाही, ही बाब साधी नाही.

मारुती चितमपल्ली यांचे लेखन या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे. 'रानवाटा'सारख्या पुस्तकात रानातील प्रत्येक ज्ञानामागे कोणी तरी सांगणारा असतो. नवेगावबांधचे माधवराव पाटील हे अशा जाणकारांपैकी एक. चितमपल्ली आपले ऋण लपवत नाहीत. त्यांच्या भाषेतील पक्षी-वृक्षांची लोकनामे हीच त्या ऋणाची पावती आहे. परंतु निवेदक वनाधिकारी आहे आणि भारतीय वन अधिनियम 1927 चे कलम 25 राखीव जंगलातील वाटा बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याकडे देते. ज्याच्याकडून वाट शिकायची त्याचीच वाट अडवू शकणारे पद, हा ताण त्यांच्या पुस्तकांत पृष्ठभागावर येत नाही. तो आला असता तर हे गद्य अधिक अवघड झाले असते आणि बहुधा अधिक मोठेही.

या सगळ्यात दिग्रसचा मुलूख कोठेच नाही. अजिंठ्याच्या रांगेची पूर्वेकडे विरत गेलेली टोके, साग-पळस-मोहाची रुक्ष टेकाडे, पैनगंगेच्या खोऱ्यातील अरुणावती : येथे नाव घ्यावा असा कडा नाही, शिवकाळाचा गड नाही, म्हणून भटकंतीच्या मराठी गद्याला येथे वळण्याचे कारण सापडले नाही. वाटा मात्र दाट आहेत. शेताला जाणारी पांधण, शिवेवरचा रस्ता, तांड्यावरून गावाच्या बाजाराला उतरणारी पाऊलवाट, रामनवमीला पोहरादेवीकडे निघणारी बंजारा समाजाची रीघ, पैनगंगा ओलांडून माहूरला जाणारे भाविक. अरुणावती प्रकल्पाच्या जलाशयाखाली गेलेल्या जुन्या वाटाही याच हिशेबात धराव्या लागतील. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या लमाणांचा व्यापार एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यावर मोडला आणि तांडे या भागात स्थिरावले. ज्यांनी वाटा पाडल्या त्यांनाच वाटेने बेकार केले. आत्माराम कनीराम राठोड यांचे 'तांडा' हे आत्मकथन दलित व भटक्या-विमुक्तांच्या साहित्यात वाचले जाते, ते योग्यच आहे. पण चालणे थांबल्यानंतर उरलेल्या माणसांचे पुस्तक म्हणून ते 'दुर्गभ्रमणगाथे'शेजारी ठेवून वाचले गेलेले नाही.

तसे वाचायचे तर लिखित पुस्तकांपाशी थांबता येणार नाही. बंजारा स्त्रियांच्या गोरबोलीतील गीतांत बैलांच्या तांड्याची आणि मुक्कामांची जी स्मृती आहे, तिच्यासह 'स्थानपोथी' पुन्हा उघडावी लागेल. एकीत ओट्यांची आणि देवळांची क्रमवारी आहे, दुसरीत पाणवठ्यांची.