डॉ. कोटणीस : चरित्रांत न दिसलेला शिक्षक

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हें नांव सोलापुरास नवें नाहीं. ते १० ऑक्टोबर १९१० रोजीं याच शहरीं जन्मले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं उत्तर चीनमधील एका खेड्यांत निवर्तले. त्यांच्या जीवनावरील दोन कृति सर्वतोमुखीं झाल्या : ख्वाजा अहमद अब्बास यांचें १९४४ सालचें इंग्रजी पुस्तक ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ व त्यावरून व्ही. शांताराम यांनीं १९४६ सालीं काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट. दोहोंचा हेतु उदात्त आहे यांत शंका नाहीं. तथापि परदेशीं राहून शिकविणारा कोटणीस त्यांत कितपत भेटतो, हा प्रश्न विचारणें प्राप्त आहे.

अब्बास यांचा मुख्य आधार म्हणजे पथकांतील सहकारी डॉ. बसु यांचें कथन. परंतु १९४० नंतर बसु यानान येथें होते आणि कोटणीस दूर पूर्वेस, जपानी सैन्यानें वेढलेल्या डोंगराळ मुलुखांत. अर्थात् अखेरचीं दोन वर्षें कथन करणाऱ्यानें स्वतः पाहिलेलीं नाहींत. आणि नेमकीं तींच अध्यापनाचीं वर्षें होत. डॉ. बेथ्यून यांच्या नांवाच्या वैद्यक विद्यालयांत कोटणीस शस्त्रक्रिया शिकवीत, व १९४१ पासून तेथील रुग्णालयाचे प्रमुखहि होते.

बोलपटानें ही उणीव भरून काढण्याऐवजीं वाढविली. पडद्यावर नायकास प्लेग मारतो. वस्तुतः त्यांस अपस्माराचे झटके येत व त्यांतच त्यांचा अंत झाला. साथीशीं झुंजतां झुंजतां आलेलें मरण प्रेक्षकांस हेलावून सोडतें हें खरें. परंतु आजार अंगीं असतां दुसऱ्या दिवसाचा पाठ तयार करणें, ही गोष्ट कमी धैर्याची म्हणावी काय ?

मातृभाषा मराठी, वैद्यकाचें शिक्षण इंग्रजींत, आणि व्याख्यानें मात्र चिनी भाषेंत ! अठ्ठाविसाव्या वर्षीं मुंबईहून निघालेल्या या तरुणानें ती भाषा तेथेंच शिकून घेतली. परक्या देशांत शिकविणाऱ्यास शब्दासाठीं विद्यार्थ्याकडे, भाकरीसाठीं शेजाऱ्याकडे पाहावें लागतें. मोठेपणाचा अभिमान सोडल्यावांचून त्यास तेथें पाहुण्यापलीकडे स्थान मिळत नाहीं.

कोटणिसांस तें मिळालें, याची साक्ष त्यांच्या संसारांतच आहे. बेथ्यून यांच्या समाधीच्या समारंभांत १९४० सालीं क्वो छिंगलान यांची भेट झाली. त्या त्याच विद्यालयांत शुश्रूषा शिकवीत. १९४१ सालीं विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टांत जन्मलेल्या पुत्राचें नांव ‘यिन्‌-ह्वा’, म्हणजे ‘भारत-चीन’, असें ठेवण्यांत आलें. हा संसार दोन शिक्षकांचा होता. बोलपटांत तो प्रणयकथा होऊन बसतो.

छिंगलानबाईंच्या आठवणी पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाल्या. नव्या चरित्रकारानें आरंभ तेथून करावा, असें आम्हांस वाटतें. हुतात्म्यास वंदन करून आपण घरीं परततों. शिक्षकापासून मात्र कांहीं घेतां येतें. आज सोलापुरांतून परदेशीं शिकवावयास जाणाऱ्या तरुण-तरुणींस कोटणिसांच्या मरणापेक्षां त्यांच्या नित्याच्या दिवसाचें वर्णन अधिक उपयोगीं पडेल.