टपालाची पोती आणि एक प्रेमकथा

दसरा सरला की आमच्या तेलगावच्या आसपासच्या वस्त्या ओस पडू लागतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'ला, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई हिशेबात अर्धीच. अशा एका बाईवर मी कादंबरी लिहिली. तिचा दोष मला एका परक्या चित्रपटाने दाखविला, म्हणून हा लेखनप्रपंच.

टायलर पेरी यांचा 'द सिक्स ट्रिपल एट' हा तो २०२४ सालचा चित्रपट. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने काळ्या स्त्रियांची एक वेगळी टपाल-पलटण युरोपात धाडली. तिच्यात ८५५ स्त्रिया होत्या. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्या बर्मिंगहॅमला पोहोचल्या, तेव्हा सैनिकांची लक्षावधी पत्रे व पुडकी कोठारांत तुंबलेली होती. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, एकेका पाळीला सुमारे ६५,००० पत्रे! एकट्या रॉबर्ट स्मिथ या नावाचेच ७,५०० सैनिक. प्रत्येकाला त्याच्या क्रमांकावरून हुडकायचे. सहा महिन्यांचे काम त्यांनी तीन महिन्यांत उरकले. पुढे फ्रान्समध्ये तिघी अपघातात गेल्या, तेव्हा अंत्यविधीसाठी मैत्रिणींनीच वर्गणी काढली. १९४६ साली पलटण मोडली ती कसल्याही समारंभावाचून.

एवढे सामर्थ्यवान कथाद्रव्य हाताशी असताना दिग्दर्शकाने काय केले? लीना या तरुणीचा प्रियकर युद्धात पडतो, त्या दुःखातून ती सैन्यात येते, आणि त्याचे पत्र अखेर तिच्या हाती पडते. लीना नावाची स्त्री त्या पलटणीत खरोखरच होती. प्रेमकथेलाही माझा विरोध नाही. परंतु येथे प्रेम हे कामाची सबब होऊन बसते. जणू ८५५ स्त्रियांनी राबण्याला एका हृदयभंगाचा दाखला हवा! वस्तुतः पत्ता पुसलेल्या पाकिटावरून मालक शोधणारी बोटे जेथे दिसतात, तेथेच चित्रपट जिवंत होतो. भाषणे सुरू झाली की तो पोकळ वाटू लागतो.

याउलट पलटणीच्या प्रमुख चॅरिटी अ‍ॅडम्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेले आत्मकथन पाहावे. बाई मूळच्या गणिताच्या शिक्षिका; लिहिणेही तसेच, पायरीपायरीने. काळ्या स्त्रियांसाठी वेगळी प्रशिक्षण-रेजिमेंट काढून तिचे प्रमुखपद देऊ केले, ते त्यांनी नाकारले. रेडक्रॉसने लंडनमध्ये वेगळे हॉटेल देऊ केले, तेही नाकारले. बढती हातची जात असताना दिलेला नकार! नाट्य येथे आहे.

आपल्याकडे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. महार सैनिकांच्या १९१७ साली उभारलेल्या पलटणीला १९२१ साली निरोप मिळाला. बाबासाहेबांच्या प्रयत्नांनंतर १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. जेथे दारच बंद, तेथे वेगळे दारही मिळवावे लागते. जेथे आत घेऊन पुन्हा भिंत घालतात, तेथे ती नाकारावी लागते. दोन्हींच्या मुळाशी मान एकच. हे ज्याला कळले नाही, त्या लेखकाने अशा विषयाला हात घालू नये.

मीनाक्षी मून व उर्मिला पवार यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथात आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना बोलते केले, तेही १९८९ सालीच. त्या स्त्रियांना नायिका ठरविण्यासाठी प्रेमभंगाची गरज पडली नाही. १९४२ साली आपल्याकडेही स्त्रियांचे सैनिकी साहाय्यक दल निघाले होते. त्याची कादंबरी मात्र माझ्या वाचनात नाही.

आणि माझी कादंबरी? मोळी वाहणाऱ्या बाईची गोष्ट वाचनीय व्हावी म्हणून मी तिला एक प्रियकर बहाल केला. मोळीचे वजन किती, फळी किती रुंद, हे मी तिला विचारलेच नाही. मुकादमाने तिला अर्धे मोजले. मी तरी कोठे पूर्ण मोजले?

या वर्षी टोळ्या परतल्या की मी वही घेऊन बसणार आहे. प्रश्न तेवढे विचारीन. गोष्ट तिची तिला सांगू देईन.