ऐकणाऱ्या वाचकाचा शब्दकोश : संगणकीय मराठी कोश आणि पडदावाचक प्रणाली

मराठीत कोश 'वाचला' जात नाही. तो 'पाहिला' जातो. या रूढ प्रयोगातच कोशरचनेचे एक गृहीतक दडलेले आहे. ठळक टाइपातील मूळ शब्द, कंसातील व्युत्पत्ती, अर्थांचे क्रमांक ही सर्व मांडणी डोळ्याला झेप घेता यावी म्हणून केलेली असते. ज्या वाचकाला पान दिसत नाही, त्याच्यासाठी ही मांडणी अस्तित्वातच नसते. त्याला नोंद पहिल्या अक्षरापासून क्रमाने ऐकावी लागते. संगणकीय मराठी कोशांचा विचार या वाचकाच्या अंगाने फारसा झालेला नाही.

पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या प्रणाली आता नवीन राहिलेल्या नाहीत. 'जॉज'ची डॉससाठीची आवृत्ती १९८९ मध्ये आली. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या तरुणाने 'एनव्हीडीए' ही विनामूल्य व मुक्तस्रोत प्रणाली विकसित करण्यास आरंभ केला, आणि किमतीचा अडसर मोठ्या प्रमाणात दूर झाला. 'ई-स्पीक'सारख्या मुक्त वाचासंश्लेषकात मराठीचीही सोय आहे. कायद्याची अडचणही उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीने प्रताधिकार कायद्यात अपंग वाचकांसाठी सुगम प्रती तयार करण्यास मुभा दिली. तरीही कोशाचा उपयोग करताना अंध विद्यार्थी अडतो. त्याचे कारण आवाजात कमी आणि कोशाच्या पाठात अधिक शोधावे लागते.

पहिली अडचण सर्वपरिचित आहे. छापील कोशाच्या पानांची केवळ छायाचित्रे म्हणजे पडदावाचकाच्या दृष्टीने कोरा कागद होय. युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी केलेल्या मजकुराची गत त्याहून विचित्र असते. डोळ्यांना देवनागरी दिसते, पण संगणकाच्या स्मृतीत रोमन चिन्हे असतात आणि वाचक निरर्थक ध्वनी ऐकतो. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' युनिकोडमध्ये शोधण्याजोगे करून दिले, ही म्हणूनच महत्त्वाची घटना मानली पाहिजे.

परंतु खरा पेच येथून पुढे सुरू होतो, आणि तो मराठीचा स्वतःचा आहे. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतील भेद मराठी उच्चारात क्षीण असतो. 'श' आणि 'ष' तर बोलण्यात बहुधा एकच होतात. केवळ ऐकून भाषा शिकलेल्या विद्यार्थ्याला शुद्धलेखनाची शंका येते ती नेमकी याच ठिकाणी. ती फेडण्यासाठी कोश पाहावा, तर शोधचौकट शब्दाचे अचूक लेखन आधीच मागते. डोळस वाचक आजूबाजूच्या नोंदींवरून नजर फिरवून ही कोंडी सहज फोडतो. ऐकणाऱ्याला प्रत्येक शक्यता टंकित करून, मग मिळालेला शब्द अक्षराअक्षराने ऐकून ताडून पाहावा लागतो.

त्यात काळाचे अंतर मिसळते. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती १८५७ ची आणि दाते-कर्वे यांचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळातील. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यामुळे आजचा विद्यार्थी 'करणे', 'काही', 'कवी' असे लिहितो. जुन्या कोशांत 'करणें', 'कांहीं', 'कवि' अशी रूपे असतात. नेमक्या अक्षरांवर चालणारा शोध येथे रिकाम्या हाताने परततो, आणि शब्द कोशात नाहीच असा समज होतो. वस्तुतः जुन्या आणि नव्या लेखनरूपांची सांगड घालणे संगणकाला अवघड नाही. कोणती रूपे जोडायची हे मात्र भाषेच्या अभ्यासकालाच सांगावे लागेल.

नोंदीची आंतररचनाही तितकीच बोलकी आहे. 'पु.', 'न.', 'क्रि.' हे संक्षेप आवाजात केवळ तुटक अक्षरे ठरतात. मोल्सवर्थच्या नोंदीत मूळ शब्द, पृष्ठांक आणि रोमन लिप्यंतर ओलांडल्यावर अर्थ हाती लागतो. शिवाय मराठी शब्द आणि इंग्रजी अर्थ यांची भाषा पाठात वेगवेगळी नोंदलेली नसेल, तर एकच आवाज दोन्ही वाचतो आणि दोहोंपैकी एकाची दुर्दशा करतो. उच्चाराबाबत तर आवाजावर विसंबणे धोक्याचेच. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य यांतील 'ज' भिन्न आहेत, पण लेखन एकच असल्याने यंत्र दोन्ही सारखेच उच्चारते.

लेखननिश्चितीसाठी आवाजापेक्षा ब्रेल अधिक विश्वासार्ह आहे. भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व इकारासाठी २-४ आणि दीर्घ ईकारासाठी ३-५ हे बिंदू असल्याने 'दिन' आणि 'दीन' बोटांना निःसंदिग्धपणे वेगळे लागतात. (छापील लिपीत व्यंजनाच्या आधी दिसणारी पहिली वेलांटी येथे उच्चारक्रमाने व्यंजनानंतरच येते, हा आणखी एक लाभ.) ब्रेलपट्टीचे उपकरण महाग असते, हे खरे. तथापि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असे एक उपकरण सामाईक ठेवता येण्याजोगे आहे.

पडदावाचक शीर्षकावरून शीर्षकावर, यादीतील एका घटकावरून दुसऱ्यावर एका कळीने उडी घेऊ शकतो. मूळ शब्दाला शीर्षक मानले, अर्थांची यादी केली, संक्षेपांचे पूर्ण रूप पाठात दिले, तर डोळ्याची झेप कानालाही साधते. यासाठी नवी प्रणाली निर्माण करण्याची गरज नाही. नोंदी नव्याने चिन्हांकित करण्याची आहे. व्युत्पत्ती कोठे संपते, उपशब्द कोठे सुरू होतो, म्हण कोणती आणि उदाहरण कोणते हे ठरविण्याचे ते काम मराठी विभागांच्या कक्षेतील असून, पदव्युत्तर प्रकल्पांत एकेका अक्षराच्या नोंदी वाटून घेऊन ते आजही हाती घेता येईल.