समुद्रशैवालाचा अर्क : तुलना कशाशी?

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात जऊळका हे गाव आहे. पूर्णा-अकोला लोहमार्गावरचे स्थानक असल्याने ते 'जऊळका रेल्वे' या नावानेही ओळखले जाते. समुद्र इथून चारशे किलोमीटरांहून दूर. खरिपात सोयाबीन व तूर, रब्बीत हरभरा हा या भागातला नेहमीचा पीकक्रम. मृगाचा पाऊस जवळ आला, की या भागातल्या कृषी सेवा केंद्रांत बियाण्याच्या पिशव्यांशेजारी समुद्रशैवालाच्या अर्काच्या बाटल्याही मांडलेल्या असतात. बाटलीबरोबर एक माहितीपत्रक मिळते. हे पत्रक विज्ञानशिक्षकाने पाठ्यपुस्तकाइतक्याच काळजीने वाचावे, असे आम्हाला वाटते. कारण आपल्या वर्गातल्या मुलांच्या घरी पैसा खर्च होतो तो पाठ्यपुस्तकावर विसंबून नव्हे, तर अशा पत्रकांवर विसंबून.

वेगवेगळ्या उत्पादनांची पत्रके शेजारी ठेवून वाचली, तर त्यांची भाषा जवळजवळ एकच असल्याचे दिसते. मुळांची जोमदार वाढ, उत्पादनात भरघोस वाढ, बियाण्याचे रोगांपासून संरक्षण, सर्व पिकांसाठी उपयुक्त आणि शंभर टक्के नैसर्गिक. या दाव्यांतले काही खरे आहेत, काही अर्धवट आहेत आणि एक तर कायद्याच्या चौकटीतच बसत नाही. ते वेगवेगळे करून पाहू.

आधी खरे काय ते. समुद्रशैवाल शेतात वापरणे ही काही आजची युक्ती नाही. आयर्लंड, स्कॉटलंड व फ्रान्सच्या किनाऱ्यावरचे शेतकरी वाहून आलेले शैवाल पिढ्यान्‌पिढ्या खत म्हणून जमिनीत घालत आले. त्याचा द्रवरूप अर्क काढून विकण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये सुरू झाला. थंड समुद्रातले अ‍ॅस्कोफायलम हे तपकिरी शैवाल त्यासाठी जगभर वापरले जाते. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने कॅपाफायकस या लाल शैवालाचा मार्ग शोधला. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बांबूच्या तराफ्यांवर हे शैवाल वाढवतात. ताजे असतानाच पिळून त्याचा रस काढतात आणि उरलेल्या चोथ्यापासून कॅरागीनन हा घट्टपणा आणणारा पदार्थ मिळवतात. रसात पोटॅशियमचे प्रमाण मोठे असते. शिवाय सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि अत्यल्प प्रमाणात वनस्पती-संजीवकेही असतात. पिकावर याचा परिणाम होतो, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा 'हे सारे थोतांड आहे' असे म्हणणे हेही अवैज्ञानिकच ठरेल.

आता अर्धवट भाग. सोयाबीनवरचा एक शोधनिबंध 2009 साली प्रसिद्ध झाला. भावनगरच्या संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात सहभाग होता. कोरडवाहू सोयाबीनवर कॅपाफायकसच्या रसाची फवारणी केली असता, 15 टक्के तीव्रतेला 57 टक्के अधिक उत्पादन मिळाले, असे त्यात नोंदले आहे. आकडा मोठा आहे आणि तो कोणालाही मोहात पाडील. पण 15 टक्के म्हणजे काय, हे मुलांना फळ्यावर मांडायला सांगा. पाठीवरच्या 15 लिटरच्या पंपात सव्वादोन लिटर रस! हेक्टरी 500 लिटर द्रावण फवारायचे, तर एका फवारणीला 75 लिटर रस लागेल. बाटलीवरची मात्रा मात्र सामान्यतः लिटरला दोन-तीन मिलिलिटर असते, म्हणजे पंपाला फार तर 45 मिलिलिटर.

यावर विक्रेता म्हणेल, की बाटलीतला अर्क आटवलेला असतो. हे खरे असू शकते. पण मग तो किती पट आटवला आहे, आणि पंपात प्रत्यक्ष किती शैवाल-द्रव्य पडते, हे पत्रकात लिहायला हवे. ते नसेल तर प्रयोगातला आकडा आणि दुकानातली बाटली यांच्यात दुवाच उरत नाही. शिवाय तो प्रयोग जऊळक्याच्या काळ्या जमिनीत झालेला नव्हता. एका ठिकाणच्या एका प्रयोगाचा आकडा हे साऱ्या गावांना दिलेले आश्वासन होऊ शकत नाही.

परिणामाचे श्रेय कोणाला द्यायचे, हाही प्रश्न आहे. पत्रके ते 'समुद्रातील संजीवकां'ना देतात. परंतु अ‍ॅस्कोफायलमच्या अर्कावर 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगळेच सुचवले गेले. अर्कातली संजीवके फारच थोडी असतात. अर्काच्या चेतवणीने वनस्पती स्वतःच्या संजीवकांची निर्मिती बदलते, असे त्या अभ्यासातून दिसले. कॅपाफायकसच्या बाबतीत आणखी एक शंका रास्त आहे. जमिनीत पालाश कमी असेल, तर फरक शैवालामुळे पडला की रसातल्या पोटॅशियममुळे? तेवढेच पोटॅशियम असलेले साधे द्रावण शेजारच्या ओळींवर फवारल्याशिवाय याचे उत्तर मिळणार नाही.

बियाण्याच्या बाबतीत तर अधिक सावध राहायला हवे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही, अशा हजारो तक्रारी विदर्भ-मराठवाड्यातून आल्या. दुबार पेरणी म्हणजे काय, हे या भागातल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. अशा वेळी 'उगवणशक्ती वाढवते' हे शब्द शेतकऱ्याला आधारासारखे वाटतात. पण ज्या दाण्यातला गर्भ मेला आहे, त्याला कोणताही अर्क जिवंत करू शकत नाही.

त्यात सोयाबीनची एक खोड आहे. त्याची साल पातळ असते. कोरडा दाणा एकदम पाण्यात टाकला, की पाणी वेगाने आत शिरते, पेशींची पटले फाटतात, आतली द्रव्ये बाहेर झिरपतात आणि त्यांवर बुरशी पोसली जाते. म्हणून सोयाबीनला बीजप्रक्रिया करताना थोडक्या द्रावणाचा हलका थर देऊन दाणे सावलीत सुकवतात. 'सर्व पिकांचे बियाणे अर्काच्या द्रावणात भिजवा' असे छापणारे पत्रक सोयाबीनच्या बाबतीत केवळ अपुरेच नाही, तर घातक आहे.

हरभऱ्याचे उलट आहे. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, वरचा ओलावा सुकवून पेरलेला हरभरा लवकर व एकसारखा उगवतो. भात, मका व हरभरा या पिकांवर भारतातल्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन केलेल्या अशा प्रयोगांचा निबंध 1999 साली प्रसिद्ध झाला आहे. म्हणजे कोणी अर्कात भिजवलेला हरभरा आणि कोरडा हरभरा यांची तुलना केली, तर पाण्याचे श्रेय बाटलीला मिळून जाते! पत्रकांतली छायाचित्रे पाहा. एकीकडे हिरवीगार रोपे, दुसरीकडे खुरटी. त्या खुरट्या रोपांना साधे पाणी तरी दिले होते का, हे कुठेच लिहिलेले नसते.

शेवटी रोगांपासून संरक्षणाचा दावा. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात 2021 साली दुरुस्ती होऊन जैव-उत्तेजके त्याच्या कक्षेत आली. समुद्रशैवालाचे अर्क त्यात मोडतात. या आदेशाच्या व्याख्येनुसार जैव-उत्तेजक पिकाच्या शरीरक्रियांना चालना देते. कीडनाशके आणि वाढनियंत्रके मात्र व्याख्येतून वगळली आहेत. त्यांना 1968 चा कीटकनाशक कायदा लागू होतो. तेव्हा जैव-उत्तेजक म्हणून नोंदवायचे आणि रोगनिवारक म्हणून विकायचे, हे चालणार नाही. शैवालातली द्रव्ये वनस्पतीची प्रतिकारयंत्रणा जागी करू शकतात, हे मात्र खरे आहे. तपकिरी शैवालातल्या लॅमिनॅरिनला युरोपात पीकसंरक्षक म्हणून मान्यता आहे. पण ती स्वतंत्र चाचण्यांनंतर मिळालेली आहे, शैवालाच्या नावावर नव्हे. या बाजाराची स्थिती काय होती, हे केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जुलै 2025 मध्ये सांगितले. सुमारे 30,000 जैव-उत्तेजके वर्षानुवर्षे तपासणीविना विकली जात होती. कडक तपासणीनंतर ही संख्या सुमारे 650 वर आली.

शाळेने काय करावे? बाटलीवर बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. ती वर्गात आणा आणि तपासा. घरच्या, औषध न लावलेल्या हरभऱ्याचे शंभर-शंभर दाण्यांचे गट करा. पेढीकडून आणलेल्या रंगीत बियाण्याला विषारी औषध लावलेले असते, ते मुलांच्या हाती देऊ नका. काही गट कोरडे ठेवा, काही साध्या पाण्यात भिजवा, काही पत्रकात सांगितलेल्या द्रावणात तितकाच वेळ भिजवा. मग सारे गट ओल्या गोणपाटात गुंडाळून एकाच जागी ठेवा. कोणती गुंडाळी कोणत्या गटाची, हे मोजणाऱ्या मुलांना कळू देऊ नका. आठव्या दिवशी मोजा.

प्रत्येक प्रकारचे किमान चार गट हवेत, आणि त्याचे कारण मुलांना स्वतःलाच सापडेल. एकाच पोत्यातले, एकाच पाण्यावर ठेवलेले चार गटही सारखे आकडे देत नाहीत. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती 70 टक्के ठरवलेली आहे. नेमकी तेवढी उगवण असलेल्या बियाण्याच्या एका गटात 65 आणि दुसऱ्यात 75 दाणे केवळ योगायोगानेही उगवतील. मग अर्काने पाच दाणे जास्त उगवले, तर ते यश कोणाचे?

शेतावर तर याहूनही सोपा उपाय आहे. फवारणी करताना चार तासे सोडायची आणि त्यांवर नुसते पाणी फवारायचे. पूर्ण शेत फवारले, की पीक चांगले आले तर बाटली चांगली आणि वाईट आले तर पाऊस वाईट, एवढाच निष्कर्ष उरतो. जऊळक्यात असो वा अन्यत्र, सोडलेल्या त्या चार तासांचे पीक वेगळे काढून वेगळे तोलले, तर त्या शेतापुरते उत्तर मिळेल. पत्रकात ते छापलेले नसते. आपल्या विद्यार्थ्याने घरी जाऊन वडिलांना 'चार तासे सोडा' एवढे सांगितले, तरी प्रयोगाचा धडा त्याला समजला असे आम्ही मानू.